परदेशात जाऊन घमेलं उचलायचं?

आपल्याकडच्या बायका परदेशात जातात त्या साधारण दोन कारणांनी. पहिलं कारण म्हणजे लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण. अळीव, बाळंतशेपा, डिंक असं सगळं सामान बॅगेत कोंबून आई निघते, सहा महिने तिथल्या स्वयंपाकघरात काढते आणि नातवाचे फोटो घेऊन परत येते. दुसरं कारण म्हणजे टूर. नऊ दिवसांत सहा देश, गळ्यात ओळखपत्र, बसमध्ये खाकरा-चिवडा आणि आयफेल टॉवरसमोर एक फोटो. दोन्हींत वाईट काहीच नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींनी त्या निमित्तानेच पहिल्यांदा विमान पाहिलं.

पण जगात तिसऱ्या एका कारणानेही माणसं परदेशी जातात, आणि ते म्हणजे श्रमदान. स्वतःच्या पैशाने तिकीट काढायचं, परक्या देशातल्या एखाद्या खेड्यात जायचं, दोन-तीन आठवडे शाळेच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचं. दिवसा दगड उचलायचे, माती ओढायची, कुंपणं रंगवायची, रानातलं गवत काढायचं आणि एक पैसाही न घेता परत यायचं. याला तिकडे ‘वर्ककॅम्प’ म्हणतात. आपण श्रमशिबिर म्हणू.

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी अशा शिबिराला जायचं म्हणाली, तेव्हा मंडळात हा विषय निघाला. एकजण पटकन म्हणाली, “अगंबाई, म्हणजे पदरचे पैसे घालून मजुरी?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न अगदी रास्त होता. लाखभर रुपये खर्चून घमेलंच उचलायचं, तर आपल्या गावात मातीला काय तोटा आहे? त्या एका प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, विचारलं, ऐकलं, ते तुम्हा मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

लढाईनंतरची कुदळ

ही पद्धत कुणा पर्यटन कंपनीने काढलेली नाही. तिला शंभराहून जास्त वर्षं झाली आणि तिचा जन्म झाला तो लढाईच्या ढिगाऱ्यावर.

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. फ्रान्समध्ये व्हर्डन नावाचं गाव आहे. तिथे १९१६ साली जर्मन आणि फ्रेंच फौजांची दहा महिने लढाई चालली होती आणि लाखो माणसं मेली होती. आसपासची खेडी तोफगोळ्यांनी सपाट झाली होती. त्यातल्याच एन नावाच्या एका खेड्यात नोव्हेंबर १९२० मध्ये एक छोटा गट येऊन दाखल झाला. त्यांचा म्होरक्या होता पिएर सेरेसोल, स्वित्झर्लंडचा एक इंजिनिअर. घराणं मोठं, वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पण या मुलाने लष्करी कर भरायला नकार दिला होता आणि त्यापायी तुरुंगही पाहिला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. देशासाठी तरुणांनी घाम गाळायचा तर तो बंदूक घेऊनच का? कुदळ-फावडं घेऊन का नाही?

गंमत म्हणजे त्याच्या मदतीला आलेल्यांत त्याचा सख्खा भाऊ होता, आणि तो होता स्विस सैन्यात कर्नल! शिवाय गटात इंग्रज होते आणि जर्मनही होते. ज्यांच्या फौजेने गाव उद्ध्वस्त केलं, त्याच देशाची माणसं तिथे घरं उभारायला आली. हिवाळ्याच्या कडाक्यात त्यांनी बेघर कुटुंबांसाठी तात्पुरती घरं बांधली, शेतांतले तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले, रस्ते नीट केले.

मग गावाने त्यांना डोक्यावर घेतलं का? नाही. घरातला कर्ता मुलगा ज्यांच्या गोळीने गेला, त्या जर्मनांना दारात पाहणं लोकांना जड गेलं. विरोध वाढला. जर्मनांना परत पाठवा, बाकीचे राहा, असं सुचवण्यात आलं. गटाला ते पटलं नाही आणि १९२१ च्या वसंतात काम आवरतं घेऊन सगळेच निघून गेले. म्हणजे पहिलं शिबिर अर्ध्यावरच संपलं म्हणायचं. पण कल्पना मेली नाही. १९२७ साली लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात ऱ्हाईन नदीला महापूर आला, तेव्हा पुढच्या वर्षी शेतांवर साचलेला दगड-गाळ उपसायला वीसेक देशांतून सातशेवर माणसं आली. यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’, थोडक्यात एससीआय, ही संस्था उभी राहिली. तिचं ब्रीद आहे, शब्द नकोत, कृती हवी. लष्करी नोकरीऐवजी समाजसेवा करण्याचा जो हक्क सेरेसोल मागत होता, तो त्याच्या देशात कायद्याने मिळायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं. तो स्वतः १९४५ मध्येच गेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा संस्था देशोदेशी निघाल्या. १९४८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने त्यांची एक समन्वय समितीही झाली. आज युरोपात, जपानमध्ये, कोरियात, आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत अशी शिबिरं भरतात. कुठे जुन्या किल्ल्याची डागडुजी, कुठे जंगलातल्या पायवाटा, कुठे समुद्रकिनाऱ्याची सफाई, कुठे गावजत्रेची तयारी. २०२० मध्ये पहिल्या शिबिराला शंभर वर्षं पूर्ण झाली आणि नेमकी त्याच वर्षी करोनामुळे जगभरची बहुतेक शिबिरं रद्द झाली. त्यानंतर ती हळूहळू पुन्हा सुरू झाली.

बिहार आणि आपलं आनंदवन

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्या लोकांचं झालं. तसं नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये फार मोठा भूकंप झाला. जमिनीची पातळी बदलली, नद्यांचे प्रवाह बिघडले आणि पूर्वी कोरडी असलेली गावं दर पावसाळ्यात पाण्याखाली जायला लागली. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य चालू होतं. तेव्हा हाच सेरेसोल, वयाची पन्नाशी ओलांडलेला, बोटीने भारतात आला. त्याने आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी मुझफ्फरपूर भागात गावकऱ्यांबरोबर उंच जागेवर नवी वस्ती उभारायला हात लावला. १९३७ पर्यंत हे काम चाललं. साहेब म्हणजे घोड्यावर बसून हुकूम सोडणारा माणूस, हीच त्या काळी आपल्याकडची ओळख. तो साहेब डोक्यावर मातीची पाटी घेऊन उन्हात चालताना पाहून लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच करावी.

महाराष्ट्रातला धागा तर आपल्या अगदी जवळचा आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन सुरू केलं, तेव्हा आसपासची माणसं कुष्ठरोगाच्या भीतीने तिकडे फिरकत नसत. त्यांनी पिकवलेली भाजी घ्यायलाही लोक कचरत. अशा वेळी, १९५० च्या दशकात, याच एससीआयचे देशोदेशीचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले आणि दवाखान्याच्या इमारतींसाठी विटा-माती वाहिली. परदेशातून आलेली तरुण मुलं-मुली कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून काम करताहेत, त्यांच्याबरोबर जेवताहेत, हे पाहून आजूबाजूच्या लोकांची भीती थोडी थोडी कमी झाली. पुढे १९६७ पासून बाबांनी सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात तिथे जाऊन आलेले कितीतरी जण आज तुमच्या-माझ्या गावात शिक्षक, डॉक्टर, कार्यकर्ते म्हणून काम करताना दिसतील.

मला वाटतं, मंडळातल्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. आनंदवनात विटा वाहायला विदर्भात मजूर मिळाले नसते का? पैसे दिले असते तर मिळाले असते. पण मजुरांनी बांधलेल्या भिंतीने शेजाऱ्यांची भीती गेली नसती. काम विटांचं होतं, पण झालं ते विटांच्या पलीकडचं.

स्वयंपाकघरातल्या ‘भगिनी’

उरलेलं अर्धं उत्तर मला मिळालं ते स्वयंपाकघरात.

सुरुवातीच्या त्या शिबिरांत बायका होत्या का? होत्या. त्यांना ‘भगिनी’ म्हणत. पुरुष खड्डे बुजवायचे, दगड फोडायचे, आणि या भगिनी? त्या सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या, कपडे धुवायच्या आणि फाटलेले सदरे-मोजे शिवून द्यायच्या! वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. युद्ध नको, देशादेशांतल्या भिंती नकोत म्हणणारी ही केवढी मोठ्या मनाची माणसं. पण जेवणाची पातेली घासायची कुणी, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही. लिख्टेनस्टाइनमध्ये शेकडो माणसं राबली, तेव्हा त्या शेकडोंच्या भाकरीचं काय, हिशेब करून बघा. आपल्या घरात एका लग्नाच्या पंगतीने कंबर मोडते.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू बदललं. मुली म्हणाल्या, आम्हालाही फावडं द्या. मग ओघानेच आलं की फावडं जर वाटून घ्यायचं, तर झारासुद्धा वाटून घ्यायचा. आजच्या शिबिरांत स्वयंपाक, भांडी, झाडलोट, संडास-बाथरूमची सफाई यांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लागतो. रोज दोघं-तिघं स्वयंपाकाला, दोघं सफाईला, बाकीचे बाहेरच्या कामाला. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. बाई, पुरुष, विद्यार्थी, निवृत्त प्रोफेसर, सगळे एकाच तक्त्यात. आणि स्वयंपाकाची पाळी असेल त्या दिवशी तुम्ही ‘कामावर नाही’ असं कुणी म्हणत नाही. तेच तुमचं त्या दिवशीचं काम.

मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करा. आपण रोज जे करतो, तेच काम तिथे भिंतीवर लिहिलं जातं, तासांत मोजलं जातं आणि पुरुषांच्या नावापुढेही येतं. आपल्याकडे शिरगणतीवाला दारात येतो, ‘काय काम करता?’ विचारतो आणि आपणच सांगतो, ‘काही नाही, घरीच असते.’

“आज तुझी पाळी नाही”

आता आमच्या मैत्रिणीच्या मुलीची गोष्ट सांगते. आई शिवणकाम करते, वडील एसटीतून निवृत्त. मुलगी बी.कॉम. होऊन पुण्यात नोकरीला लागली. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून तिने फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातलं शिबिर निवडलं. घरात अर्थातच रण माजलं. वडिलांचं म्हणणं, तेवढ्या पैशांत सोनं होईल. आजीचं म्हणणं, पोरीच्या जातीने परमुलखात पुरुषांबरोबर हॉलमध्ये झोपायचं? आईला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी मुलीने शिबिराची सगळी माहिती छापून आणली, आईला वाचून दाखवली, तिथल्या संस्थेचा पत्ता-फोन फ्रिजवर चिकटवला आणि गेली.

तिथलं काम होतं डोंगरउतारावरच्या शेतांचे ढासळलेले दगडी बांध पुन्हा रचायचं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपल्याकडे देशावर ताली घालतात किंवा कोकणात गडगा रचतात, अगदी तसंच. या कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेला युनेस्कोने २०१८ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं आहे. त्या वर्षी फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस अशा आठ देशांनी मिळून ती नोंद केली होती.

तेरा जणांचा गट होता. स्पेनचा एक मुलगा, कोरियाच्या दोघी मैत्रिणी, तुर्कस्तानची एक नर्स, जर्मनीच्या एक साठी उलटलेल्या बाई, अशी सगळी मोट. सकाळी सातला उठायचं, नाश्ता, आठ ते एक काम. दुपारचं जेवण, आराम. मग जवळच्या गावात फिरणं, नदीत डुंबणं, रात्री गप्पा. शनिवार-रविवार सुट्टी.

“मावशी, पहिल्या रात्री जेवण झालं आणि माझा हात आपोआप सगळ्यांच्या ताटल्यांकडे गेला,” ती मला सांगत होती. “गोळा केल्या, सिंकपाशी गेले, घासायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आमची गटप्रमुख आली, तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, आज तुझी पाळी नाही. तक्ता बघ. आज त्या स्पेनच्या मुलाची पाळी आहे. मी तिथेच उभी. हात ओले, आणि काय करावं सुचेना. मावशी, आयुष्यात मला कधी कुणी असं म्हणालं नव्हतं, आज तुझी पाळी नाही.”

हे ऐकताना तिची आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. पदराला हात पुसत राहिली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. बांध रचायला शिकवणारा गावातला म्हातारा सांगायचा, खाली मोठा दगड घ्या, दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवा, मध्ये बारीक चिपा ठोका. हे ऐकून तिला तिचे आजोबा आठवले. त्यांनी उभ्या आयुष्यात किती ताली घातल्या असतील, पण घरातल्या कुणी त्यांना कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं. घरी आल्यावर ती आजोबांना घेऊन शेतावर गेली आणि ताल कशी घालायची ते त्यांच्याकडून समजून घेतलं. आजोबा दोन तास बोलत होते. अडाण्याचं काम म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, ते शिकायला लोक परदेशातून पैसे खर्चून येतात, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, असं ती म्हणाली.

घरात पुढे काय झालं? तिने स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला. भावाचं नाव, वडिलांचं नाव, सगळ्यांची. आठ दिवसांत तो तक्ता गळून पडला. तिने पुन्हा लावला. सध्या रविवारी रात्रीची भांडी भाऊ घासतो, एवढ्यावर तडजोड झाली आहे. क्रांती झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात रविवारी रात्री जेवण झाल्यावर आई खुर्चीत बसते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

जायचं म्हटलं तर

आता थोडं व्यवहाराचं बोलू. बहुतेक शिबिरं दोन ते तीन आठवड्यांची असतात. वय अठरा पूर्ण लागतं. वरची वयोमर्यादा पुष्कळ ठिकाणी नसते. काही शिबिरं खास मुलाबाळांसकट येणाऱ्या कुटुंबांसाठी असतात. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने ‘हे माझ्यासाठी नाही’ असं धरून चालायचं कारण नाही. काम दिवसाला साधारण पाच-सहा तास. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, कारण तिथे आलेल्या निम्म्या लोकांचंही तसंच असतं.

राहणं-जेवण यजमान संस्थेकडे. नोंदणी शुल्क, विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे आपलं आपण बघायचं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या शिबिरांत तिथे गेल्यावर राहण्या-जेवण्याचं वेगळं शुल्क घेतात, ते आधी विचारावं. युरोपात जायचं तर खर्च लाखाच्या पुढे सहज जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातला सगळ्यात मोठा वाटा विमानाचा.

अर्ज थेट तिकडच्या शिबिराकडे करायचा नसतो. आपल्या देशातल्या सहयोगी संस्थेमार्फत करायचा. उन्हाळी शिबिरं जून ते सप्टेंबरच्या दरम्यान असतात आणि त्यांच्या याद्या मार्चच्या सुमारास येतात. निवड झाली की संस्था आमंत्रणपत्र देते. ते पत्र व्हिसासाठी लागतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून त्याचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, आणि निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्जात जाण्याचं खरं कारण लिहावं. ‘फिरायला चाललोय’ असं लिहायचं आणि बॅगेत श्रमशिबिराचं पत्र, असला प्रकार करू नये. ब्रिटनचे नियम वेगळे आहेत. तिथे साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीची माहिती पाहावी.

सामानात काय न्यायचं? झोपायची पिशवी म्हणजे स्लीपिंग बॅग, जाड तळव्याचे बूट, पावसाळी जाकीट, मळले तरी चालतील असे कपडे, नेहमीची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी. प्रत्येक शिबिरात एक संध्याकाळ आपापल्या देशाच्या जेवणाची असते. त्यासाठी पोहे, मेतकूट, गोडा मसाला न्यावा. पण एक लक्षात ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तेव्हा साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा, नाहीतर विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात जातील. शाकाहारी असाल तर अर्जातच स्पष्ट लिहावं. त्याची सोय होते, फक्त पहिले दोन दिवस ‘अंडंही नाही का?’ असं चारदा सांगावं लागतं.

आयांनी विचारायचे प्रश्न

मुलगी जाते म्हणाली की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘लोक काय म्हणतील?’ त्यापेक्षा उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. पाठवणारी संस्था कोणती, किती वर्षं काम करते, पूर्वी जाऊन आलेल्या दोघी-तिघींशी बोलता येईल का? पैसे कशाचे घेतात, पावती देतात का? झोपायची सोय कशी, मुलींना वेगळी खोली मिळेल का? रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा? ११२ हा आणीबाणीचा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो, तो पाठ करून ठेवायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हे काम तिथल्या गावाने मागितलं आहे का?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम लिहिते आहे. सेवेच्या नावाखाली धंदाही पुष्कळ चालतो. नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत परदेशी पाहुण्यांना ‘अनाथ मुलांची सेवा’ करायला मिळावी म्हणून आई-वडील असलेली गरीब मुलंसुद्धा अनाथाश्रमांत आणून ठेवल्याची प्रकरणं उघडकीला आली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये अशा प्रकाराला आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार मानलं. आपणच विचार करा, दर दोन आठवड्यांनी नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. त्या लेकराचं काय होत असेल? म्हणून दोन आठवड्यांसाठी मुलं सांभाळायला, शिकवायला किंवा दवाखान्यात रुग्ण हाताळायला कुणी बोलावत असेल, तर नाही म्हणावं. दगड, माती, झाडं, रंग ही कामं बरी. दगडाला तुमची आठवण येत नाही.

आणखी एक. दोन आठवड्यांत आपण कुणाचं भलं करून आलो, या भ्रमात राहू नये. तो बांध गवंड्याने आपल्यापेक्षा लवकर आणि चांगला रचला असता. आपण तिथे जातो ते मुख्यतः शिकायला. ज्याच्या घरी आपण पाहुणे, त्याचे आभार मानून परत यायला.

जाता आलं नाही तरी

आपल्यापैकी बहुतेक जणींना परदेशी शिबिराला जाणं जमणार नाही. पैसे आहेत, पण सासूबाईंचं आजारपण आहे. आजारपण नाही, तर पोरांची दहावी-बारावी आहे. मग हे सगळं वाचून काय करायचं?

एक म्हणजे, भारतातही अशी शिबिरं होतात, जिथे परदेशातली आणि आपली मुलं एकत्र काम करतात. बंगळुरूची एफएसएल इंडिया यासारख्या संस्था ती भरवतात. तिकडे विमानाचा खर्च नाही. दुसरं, १९६९ पासून आपल्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला मुलगी जाते म्हणाली, तर ‘उन्हात काळी होशील’ म्हणून अडवू नका. मीही कॉलेजात असताना गेले होते, आणि चारचौघांत उभं राहून बोलायला मी वर्गात शिकले नाही, तिथे शिकले. तिसरं, २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी गावोगाव बायका पहाटे उठून चर खणायला गेल्या, हे आपण पाहिलं आहे. श्रमदान आपल्याला नवं नाही. राहिला आहे तो फक्त तक्ता.

गावात ग्रामस्वच्छतेचा, वृक्षलागवडीचा, तळ्याचा गाळ काढायचा कुठलाही कार्यक्रम निघाला की पुरुष खोरी घेऊन फोटोला उभे राहतात आणि बायका चहा-पोह्यांच्या मागे लागतात. पुढच्या वेळी आपल्या मंडळाने एवढंच करावं. आदल्या दिवशी एक मोठा कागद घ्यावा. खोदाई, वाहतूक, चहा, स्वयंपाक, भांडी असे रकाने आखावेत. सगळ्या रकान्यांत बायकांची नावं लिहावीत आणि सगळ्याच रकान्यांत पुरुषांचीही. सरपंचांचं नाव भांड्यांच्या रकान्यात आलं तर थोडी कुजबुज होईल. होऊ द्या. कागद मात्र देवळाच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावा. त्याला मोठ्या खर्चाची गरज नाही, आणि व्हिसाही लागत नाही.